काजळीच्या दुधाची बादली

मित्रांनो, गोठ्याच्या मागच्या दाराशी, नळाखाली, कोंबड्यांच्या पाण्याची एक पोचे पडलेली बादली तुम्हाला दिसेल. तिची कडी एका बाजूने तारेने बांधलेली आहे. कोंबड्या तिच्या काठावर बसतात, चोच बुडवतात, आणि कधीकधी त्याहून वाईटही काही करून जातात. ती बादली म्हणजे मी. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी पाणी मला फक्त धुण्यापुरतं ठाऊक होतं. मी दुधाची बादली होते.

माझा जन्म पत्रेवाल्यांच्या गल्लीत झाला. तिथे दिवसभर इतकी ठोकाठोक चाले की माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. मला घडवणारा म्हातारा जवळजवळ बहिरा होता, पण बोटांनी त्याला सगळं ऐकू येई. त्याने कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा कापला, वळवला, माझ्या काठात तार गुंडाळली आणि मग आतल्या सांध्यावरून तो पुन्हापुन्हा अंगठा फिरवत बसला. शेजारचा दुकानदार अगदी तोंडासमोर येऊन ओरडला, "अहो, बादली आहे ती! किती कुरवाळाल?"

"पाण्याची बादली कोणीही करील," म्हातारा म्हणाला. "दुधाच्या बादलीच्या सांध्यात एक थेंब अडकला, की दुसऱ्या दिवशी सगळं दूध नासतं."

नासलेलं दूध हेच जगातलं सर्वांत वाईट दूध, असं मी तेव्हापासून समजत आले. नासलेल्या दुधाला निदान वास तरी येतो, हे मला फार पुढे कळलं.

मला विकत घेतलं ते मावशींनी. साऱ्या गल्लीला त्या दूधवाल्या मावशी म्हणून माहीत होत्या. त्यांनी दुकानातल्या बादल्या एकेक करून बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या आणि मला उचललं. "हिचा आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या.

बरोबर त्यांचे यजमान होते. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "गाणं शिकवणार आहेस का तिला?"

"शिकवणार आहे. तुम्हाला शिकवून तर काही उपयोग झाला नाही," मावशी म्हणाल्या आणि मला कडेवर घेऊन चालू लागल्या.

त्या दिवसापासून सोळा वर्षं मी त्यांच्या गोठ्यात काम केलं. गोठा लहान होता. फरशीला उतार, कडेला पन्हळ, भिंतीला पांढरा चुना आणि तीन दावणी. मधल्या दावणीला काजळी. तिचं अंग बदामी होतं आणि डोळ्यांच्या कडा अशा काळ्याभोर, की कुणी बसून काजळ घातलं असावं. तिच्या दोन्ही बाजूंच्या गायींना काका 'दोघी जावा' म्हणत, कारण एकीने वैरणीला तोंड लावलं की दुसरीला तीच वैरण हवी असे.

सकाळी उजाडता उजाडता मावशी तिपाईवर बसत, मला गुडघ्यांत धरत आणि काजळीच्या पोटाला कपाळ टेकवत. पहिल्या दोन धारा बाहेर फरशीवर. मग तिसरी माझ्या तळावर पडे. टण्! मित्रांनो, त्या आवाजाबद्दल काय सांगू? रिकाम्या तळावर पडलेली ती पहिली धार सुरीसारखी लखलखीत वाजायची. हळूहळू तळ झाकला जाई, आवाज मऊ होई, फेस वर येई, आणि शेवटी शेवटी तर नुसता श्वासासारखा सूर उरे. दूध कुठवर आलंय हे मावशी त्या सुरावरूनच ओळखत. माझ्या अंगाला गायीच्या अंगाची ऊब लागे. ती ऊब मी आजही विसरले नाही. कोंबड्यांचं पाणी फार थंड असतं हो.

सगळ्यांत शेवटच्या धारा मुंगीच्या. मुंगी म्हणजे मावशींची नात. आईवडील नोकरीसाठी दूर शहरात, म्हणून ती आजीआजोबांकडे राहायची. तेव्हा सहा वर्षांची होती. सतत कुठून तरी कुठे तरी काहीतरी नेत असायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. ती आपला निळा पेला घेऊन माझ्या शेजारी उभी राही. पेला भरला की आधी आजीकडे बघे. आजी मान हलवी. मग डोळे मिटून एका दमात पेला रिकामा, आणि ओठांवर पांढऱ्या मिशा.

मावशींच्या घरात 'वाया' हा शब्द शिवीसारखा होता. मला विसळलेलं पहिलं पाणी गायींच्या कोंड्यात जाई. सांडलेला कडबा कोंबड्यांच्या खुराड्यात. शेण मागच्या कुरणात, कुरणातलं गवत पुन्हा गायींच्या पोटात. "गाय आपल्याला देते, आपण गायीला द्यायचं," असं त्या म्हणत. काका म्हणत, "उद्या माझा खोकलासुद्धा बरणीत भरून ठेवशील." गावातले दूध गोळा करणारे अधिकारी दर वर्षी नव्या लोकांना मावशींचा गोठा दाखवायला आणत. एकदा त्यांनी मला उचलून सगळ्यांना आतून दाखवलं. "भांडं असं असावं," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या चकाकीत सगळ्यांचे चेहरे दिसत होते. मला किती गर्व वाटला म्हणून सांगू!

टेकडीच्या पलीकडे एक कारखाना होता. वीज करायचा. त्याच्या उंच धुराड्यातून धूर निघताना कधी कुणी पाहिला नाही, म्हणून तो स्वच्छ आहे असंच सगळे म्हणत. त्या वर्षी एके दिवशी तिथे काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते मला ठाऊक नाही. बादलीला अशा गोष्टी कोण सांगणार? मला एवढंच माहीत, की दोन दिवस वारा टेकडीकडून आमच्याकडे वाहत होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाची बारीक बुरबुर झाली. कुरण धुऊन निघाल्यासारखं हिरवंगार दिसत होतं. काका म्हणाले, "काय चारा आलाय बघ!" गायी मान वर न करता चरत होत्या.

चार दिवस गेले. चारही दिवस मी दूध भरून नेलं. तसंच पांढरं, तसंच कोमट, तसाच फेस. चारही दिवस मुंगीचा निळा पेला भरला. पाचव्या दिवशी सकाळी दुधाची गाडी आली. तिचा चालक लांबूनच इतका भोंगा वाजवी की त्याचंच नाव भोंगा पडलं होतं. त्या दिवशी मात्र तो भोंगा न वाजवता आला आणि गाडीतून उतरून नुसताच उभा राहिला.

"मावशी, आज दूध घ्यायचं नाही असा हुकूम आहे."

"का? नासलंय का माझं दूध? वास घेऊन बघ."

"वासाचं नाही हो ते. टेकडीपलीकडून काहीतरी सुटलंय. गवतावर बसलंय. गायींच्या पोटातून दुधात येतंय म्हणतात." त्याने मुंगीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पोरीला दिलं नाहीत ना?"

 मावशींनी मला खाली ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यातलं दूध त्यांच्या हातून हिंदकळून सांडलं.

मित्रांनो, मला त्या दिवशी किती लाज वाटली! कसला डाग नाही, कसली चव नाही, आणि मी, जिच्या सांध्यात थेंबही अडकत नाही असं नाव मिरवणारी, तेच दूध चार दिवस पोरीच्या तोंडापर्यंत नेत होते.

त्याच आठवड्यात सरकारकडून मोजणीवाल्या बाई आल्या. पायांत रबरी बूट, हातात पेटी आणि केस जेमतेम बांधलेले. त्यांनी आधी मुंगीला खुर्चीत बसवलं आणि एक नळकांडं तिच्या गळ्याशी धरलं. पेटी टिकटिकली. मावशींनी माझी कडी इतकी घट्ट धरली होती की ती वाकली. आजही ती तिथे वाकलेलीच आहे.

"थोडंसं पोचलंय," बाई म्हणाल्या. "फार नाही. दूध आणि पालेभाज्या आजपासून बंद. ते स्वतःच कमी होत जाईल. पण हिला दर वर्षी तपासायला आणायचं. विसरायचं नाही."

मग त्या गोठ्यात आल्या, उलट्या घमेल्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गवतावर दोन प्रकारचं विष पडलं आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण पेटीला कळतं. "पहिलं आहे ते उतावळं. दर आठ दिवसांनी निम्मं होतं. दोन-तीन महिन्यांत त्याचं नाव राहणार नाही. दुसरं चिवट. ते निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात."

काका म्हणाले, "मग हे दुसरं म्हणजे जावईच म्हणायचा. एकदा आला की हलत नाही."

बाई हसल्या. मावशी हसल्या नाहीत. "म्हणजे माझ्या काजळीच्या अंगात ते तीस वर्षं राहणार?"

"नाही, मावशी. जमिनीत राहील. गायीच्या अंगात नाही. तिला स्वच्छ चारा दिला, तर अंगातलं हळूहळू बाहेर पडतं. थोडं दुधातून, बाकीचं शेणातून, मुतातून. माळ्यावर मागच्या वर्षीचा कडबा आहे ना? तोच द्यायचा. कुरणात पाऊल टाकू द्यायचं नाही. आणि रोजचं दूध खड्ड्यात ओतायचं."

कुरणाला तारेचं कुंपण पडलं. विहिरीपासून लांब खड्डा खणून त्यात जाड मेणकापड अंथरलं. आणि बाईंनी गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक आडवी रेघ मारली. तिच्याशेजारी लिहिलं, तीनशे. दर सोमवारी त्या छोट्या बाटलीत दूध घेणार, मोजणार आणि आकडा दारावर लिहिणार. आकडा तीनशेच्या खाली आला, की दूध पुन्हा दूध. आठव्या सोमवारपर्यंत आला नाही, तर ट्रक येईल.

"ट्रक कुठे नेतो?" मुंगीने विचारलं. काकांनी तिला कडेवर घेतलं आणि अंगणात नेलं.

पहिल्या सोमवारी काजळीचा आकडा एकोणीसशे होता. दोघी जावांचाही जवळपास तेवढाच. दुसऱ्या सोमवारी साडेतेराशे. तिसऱ्या सोमवारी नऊशे साठ. आकडे उतरत होते, पण गायीही उतरत होत्या. जुना कडबा खाऊन काजळीच्या बरगड्या दिसू लागल्या. ती सारखी कुरणाकडे तोंड करून उभी राही आणि तारेतून नाक पलीकडे काढून ओल्या गवताचा वास घेई. मावशी तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणत, "मला काय बघतेस अशी? मी का बांधलीय तार?"

आणि रोज दोनदा खड्डा. मावशी मला भरून नेत, काठाशी उभ्या राहत, पण मला तिरकं करायला त्यांचा हातच उठत नसे. जिने उभ्या जन्मात दुधाचं धुवणसुद्धा वाया घालवलं नाही, तिने बादलीच्या बादली मातीत ओतायची. दोन-तीनदा काकांनीच माझी कडी त्यांच्या हातातून घेतली आणि मला रिकामं केलं. त्या वेळी मात्र त्यांना काही विनोद सुचला नाही.

तिसऱ्या सोमवारी मावशींनी बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, या दुधाचं लोणी काढलं तर? तेही विषारी का?"

"लोण्यात फारच थोडं उतरतं," बाई म्हणाल्या. "ते पाण्याबरोबर राहणारं आहे, खालच्या पातळ दुधात राहतं. लोणी मी मोजून देईन, पण घाई करू नका."

मावशींना तेवढंच हवं होतं. त्यांनी रुंद ताटल्या मांडल्या, तिन्ही गायींचं दूध त्यांत निवायला ठेवलं आणि वरची साय काढून लोणी काढलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणाच्या तरी तोंडावर समाधान दिसलं. लोणी बरणीत गेलं. आता खाली उरलेलं पातळ दूध. ते तर खड्ड्यातच जायचं होतं.

मित्रांनो, ते खड्ड्यात गेलं नाही.

मावशींनी ते माझ्यात ओतलं. त्यात कोंडा कालवला. आणि माळ्यावरच्या जुन्या कडब्याने हाडं वर आलेल्या काजळीपुढे त्यांनी मला ठेवलं. "पी गं बाई," त्या कुजबुजल्या. "तुझंच आहे. तुझं तुलाच." काजळीने एका दमात माझा तळ चाटून लख्ख केला. तिची खरखरीत जीभ माझ्या अंगावर फिरत होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण बादलीला तोंड असतं ते फक्त भरण्यासाठी आणि ओतण्यासाठी.

मावशींनी कुणालाच फसवलं नव्हतं. माणसाला देऊ नका असं त्यांना सांगितलं होतं, त्यांनी माणसाला दिलं नाही. हिरवं गवत देऊ नका म्हणाले, त्यांनी काडीही दिली नाही. गायीचं दूध गायीलाच दिलं तर त्यात वाईट काय, असं त्यांच्या अगदी साध्या मनाला वाटलं.

चौथ्या सोमवारी काजळी सातशे ऐंशी. पाचव्या सोमवारी सातशे वीस. सहाव्या सोमवारी सातशे. दोघी जावा मात्र भराभर उतरून चारशेच्या आसपास आल्या होत्या.

बाईंनी दारावरच्या आकड्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. "मावशी, खरं सांगा. काजळीला कुरणात सोडता का?"

मावशींचा चेहरा लाल झाला. "मी? तुम्ही मला खोटारडी म्हणता? कुंपण बघा. कडी बघा. एक पातं तुटलं असेल तर दाखवा!"

"अहो, मी तसं म्हणत नाही..."

"तसंच म्हणताय. आमच्या टेकडीवर विष तुम्ही सांडायचं आणि चोर आम्ही!"

"सांडलं मी नाही, मावशी," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मी नुसतं मोजते."

दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या.  तेवढ्यात मुंगी आपला रिकामा निळा पेला माझ्या काठावर आपटत म्हणाली, "आजी, मला कधी मिळणार गं दूध? काजळीला रोज बादलीभर मिळतं. तिघींचं सगळं ती एकटीच पिते. मला थेंबभर पण नाही."

बाईंनी वळून पाहिलं. आधी मुंगीकडे. मग माझ्याकडे. माझ्या काठाच्या आत कोंड्याचे ओले कण अजून चिकटलेले होते.

मावशी तिपाईवर बसल्या.  "लोणी काढल्यावर जे उरतं ते..." त्या म्हणाल्या. "हाडं दिसायला लागली होती हो तिची."

बाई त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मावशींचा हात हातात घेतला. "मावशी, तिच्या अंगातून ते बाहेर पडत होतं. तिचं आणि जावांचंही. तुम्ही ते गोळा करून पुन्हा तिच्याच पोटात घालत होता."

"मला वाटलं, गेलं ते गेलं."

"गेलं म्हणजे संपलं नाही, मावशी. गेलं म्हणजे दुसरीकडे गेलं. दुधातून गेलं तर जिथे दूध जाईल तिथे. शेणातून गेलं तर जिथे शेण जाईल तिथे. ते तुम्ही कुरणात टाकलंत, तर गवत ते पुन्हा उचलेल."

मावशींनी मान खाली घातली. शेणाचा ढीग त्यांनी गोठ्यामागे झाकून ठेवला होता. कुंपण निघालं की कुरणात टाकायचा म्हणून. तोही त्या दिवशी घमेल्या-घमेल्यांनी खड्ड्यात गेला. मावशींनी स्वतः नेला, काकांना हात लावू दिला नाही.

आता हातात दोनच आठवडे होते. बाईंनी एक निळी पूड आणली. ती कोंड्यात कालवून द्यायची. ती पोटातलं विष धरून ठेवते, अंगात शिरू देत नाही आणि शेणाबरोबर बाहेर काढते. तिसऱ्या दिवशी मुंगी ओरडत अंगणात धावली, "आजोबा, लवकर या! काजळीने निळं शेण टाकलं!"

काका आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या मिशीत हसू आलं. "सबंध गल्लीत असली कारागीर गाय नाही," ते म्हणाले. "भिंती रंगवायला बोलावतील हिला."

सातव्या सोमवारी चारशे ऐंशी. आठव्या सोमवारी ट्रक आला आणि दाराशी उभा राहिला. मागची फळी खाली सोडलेली होती. बाई पेटीजवळ बसल्या होत्या. दोघी जावा दोनशेच्या घरात होत्या. काजळीचा आकडा यायला वेळ लागत होता. मावशी तिच्या गळ्यात हात टाकून उभ्या होत्या.

"तीनशे दहा," बाई म्हणाल्या.

"दहा!" मावशी म्हणाल्या. "दहाने काय होतं? खडूच्या जाडीत मावतील हो दहा. दोनशे नव्व्याण्णव लिहा. इथे कोण बघतंय?"

"मुंगी बघते आहे," बाई म्हणाल्या. "आज मी दहा सोडले, तर उद्या तिने माझ्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?" आणि त्यांनी दारावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, तीनशे दहा.

मावशींनी डोळे मिटले. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढला, माझ्या पालथ्या तळावर ठेवला आणि लिहायला लागल्या. चूक काय झाली, ती कधी थांबली, आकडा किती वेगाने उतरतो आहे, सगळं. खाली सही केली. मग ट्रकवाल्याकडे गेल्या. "आकडा बदलायचा अधिकार मला नाही. एक आठवडा मागायचा आहे. हा कागद वर द्या. गाय पुढच्या सोमवारी वर राहिली, तर मी स्वतः तिला फळीवर चढवीन."

ट्रकवाल्याने कागद दोनदा वाचला, रिकाम्या ट्रककडे पाहिलं आणि फळी वर केली. मित्रांनो, आजवर माझ्यात खूप काही भरलं गेलं. पण त्या कागदाइतकं जड मी कधीच काही पेललं नाही.

नववा सोमवार. दोनशे पंधरा.

मावशींनी मला उकळत्या पाण्याने तीनदा धुतलं. तिन्ही धुवणं खड्ड्यात ओतली. त्या तिपाईवर बसल्या, काजळीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि तसंच ठेवलं. मग पहिल्या दोन धारा बाहेर, आणि तिसरी माझ्या तळावर. टण्! काका दारात उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच खोकले.

शेवटच्या धारा निळ्या पेल्यात. मावशी आधी स्वतः एक घोट प्यायल्या. मग पेला मुंगीपुढे धरला.

मुंगीने पेला हातात घेतला. आजीने मान हलवली. पण मुंगी आजीकडे बघतच नव्हती. ती कोपऱ्यात पेटी आवरणाऱ्या मोजणीवाल्या बाईंकडे बघत होती. बाईंनी मान हलवली. तेव्हा तिने डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

ते मावशींनी पाहिलं. मीही पाहिलं. ओठांवर पांढऱ्या मिशा तशाच होत्या, पण पूर्वी ती फक्त आजीकडे बघायची.

मावशी पुढे झाल्या. पदराने तिच्या मिशा पुसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर केलंस. विचारूनच प्यावं."

पुढे काजळी आणखी सहा वर्षं जगली. कुरणाचं कुंपण काही निघालं नाही. आमच्याकडचा चारा दुरून ट्रकने येऊ लागला. दर दुपारी काजळी तारेशी जाऊन उभी राही, नाक पलीकडे काढी आणि संध्याकाळी परत येई. गवत माजून, पिवळं पडून, पुन्हा हिरवं होई. मग दूध काढायची यंत्रं आली, चकचकीत स्टीलचे डबे आले. मावशींचे गुडघे गेले आणि माझी कडी तुटली. आधी मी कपड्यांच्या खळीची बादली झाले, मग राखेची, मग कोंबड्यांची. आता काजळी नाही, काका नाहीत, मावशीही नाहीत. दारावरचे आकडे मात्र अजून पुसट दिसतात. चुना लावताना तेवढा तुकडा सोडायचा असं मावशी सांगून गेल्या आहेत.

मुंगी आता मोठी झाली आहे. तिचा गळा दर वर्षी तपासतात आणि आजवर काही निघालं नाही. या घरात आता तीच राहते. रोज सकाळी ती मला धुवायला घेते आणि कालचं पाणी ओतून नवं भरते. नळ सोडला की पहिली धार माझ्या रिकाम्या तळावर पडते. टण्! त्या एका क्षणी मला वाटतं, कुणीतरी काजळीच्या पोटाला कपाळ टेकवून बसलं आहे. मग पाणी वर चढतं, माझं अंग गार पडतं आणि मी भानावर येते.

पण मित्रांनो, त्याआधी आणखी एक क्षण असतो. शिळं पाणी ओतायला मला उचलल्यावर मुंगी जरा थांबते. मला तशीच तिरकी धरून आजूबाजूला बघते. इथे ओतलं तर कुठे जाईल? कोणाच्या मुळाशी? कोणाच्या पोटात? साधं कोंबड्यांचं पाणी असतं ते, पण ती थांबते. मगच ओतते.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. हातात बादली असो, डबा असो की टेकडीएवढा कारखाना, ओतण्याआधी तेवढं थांबा.